अकरा गाणी, तुळशीरामच्या नावाने

प्रमिला तायडे यांना यादी करताना मी कधी पाहिलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमची ओळख एका यादीवरून झाली आणि माझ्या हातून त्यांच्या बाबतीत जी चूक झाली तीही यादी करतानाच.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आमच्या हॉस्पिटलच्या कम्युनिटी मिडवाइव्ह्जचा, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या सुईणींचा, रोटा मी करायचे. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं म्हणा. कोणाची कुठली शिफ्ट, कोण कुठल्या भागात, कोणाकडे किती बायका, सगळं माझ्या टेबलावर. रोज सकाळी बाकीच्या मिडवाइफ येऊन आपापला छापील कागद घेऊन जायच्या. प्रमिलाताई यायच्या, कागद टेबलावरच ठेवून एकदा वाचायच्या आणि परत माझ्याकडे सरकवायच्या.

"अहो, घेऊन जा ना. पत्ते आहेत त्यात."

"पत्ते कशाला? एच सहावर दुसरं राउंडअबाउट, लाल दार, तिसरं मूल, नवरा घाबरट. मग व्ही सातवर जुळं. मग ती शाळेसमोरची पोरगी. झालं."

आमच्या गावचे रस्ते पट्टीने आखलेले. आडव्यांना एच, उभ्यांना व्ही, आणि दर अर्ध्या मैलाला राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचा गोल चौक. नवीन माणूस हमखास चुकतो. प्रमिलाताई त्या सगळ्या वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. मी तक्रारींचीही यादी ठेवायचे. त्यात त्यांच्या नावापुढची जागा शेवटपर्यंत कोरी होती.

उंची पाच फुटांच्या आतबाहेर. केस बारीक कापलेले. युनिफॉर्मवर एक राखाडी कार्डिगन, त्याच्या एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्या खिशात गिटारच्या तारा छेडायचं प्लास्टिकचं पिक. कोणाच्याही घरी गेल्या की दारात बूट काढायच्या. इंग्लिश बायका आधी गोंधळायच्या, मग स्वतःही काढायच्या. बाळंतपण लांबलं, खोलीतली माणसं कावरीबावरी झाली, की त्या खाली गालिच्यावर मांडी घालून बसायच्या आणि इंग्रजीत म्हणायच्या, "घाई बाळाला असू दे. आपल्याला काय करायची?" हे वाक्य मी त्या भागातल्या किमान वीस बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. बायका बाळाला पहिल्यांदा शाळेत सोडतानाही तेच म्हणत होत्या.

त्या गातात हे मला वर्षभराने कळलं. एका गुरुवारी म्हणाल्या, "संध्याकाळी काय करून राहिली तू? ये पबमध्ये. मागच्या खोलीत फोक क्लब असतो."

मला वाटलं, तबला-पेटी असेल, फार तर एखादं भावगीत. गेले. तीस-पस्तीस इंग्लिश माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, स्वेटर घातलेली, हातात बिअर. प्रमिलाताई पुढे आल्या, गिटार घेऊन स्टुलावर बसल्या, पाय जमिनीला टेकेनात म्हणून स्टुलाच्या दांडीवर ठेवले, आणि इंग्रजीत गायला लागल्या. अमेरिकेतल्या मालगाड्यांची, तुरुंगांची, लांब रस्त्यांची गाणी असतात ना, त्या घाटाचं गाणं. पण गाडी भुसावळची. स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली उतरतो आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारत जातो. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं. भेग असेल तर आवाज बसका येतो. आतल्या प्रवाशांना हे माहीत नसतं. ते झोपलेले असतात, आणि तो माणूस त्यांच्या झोपेखालून ऐकत जातो.

मी गाण्यातली जाणकार नाही. तरी एवढं सांगते, की हातातलं पेय मी तोंडाकडे नेलं होतं ते गाणं संपेपर्यंत तिथेच राहिलं. आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. पण प्रत्येक शब्द त्या समोरच्या माणसाच्या हातात ठेवल्यासारखा ठेवत होत्या, आणि त्याने तो धरलाय याची खात्री झाल्यावरच पुढचा. शेवटच्या कडव्यात एक ओळ आली, 'सेड तुळशीराम'. म्हणजे आपल्याकडे जुन्या पदांत शेवटी 'अमका म्हणे' असं येतं, तसं. दुसरं गाणं एका अवघडलेल्या बाईचं. हॉस्पिटलला निघालेला तिचा नवरा राउंडअबाउटवर चुकून तीन फेऱ्या मारतो. सगळी खोली हसत होती. तिथेही शेवटी, 'सेड तुळशीराम'.

एका आजोबांनी विचारलं, "हा तुळशीराम कोण?"

"जो सांगतोय तो," प्रमिलाताई म्हणाल्या.

"गाणं तर तुम्ही लिहिलंय."

"हो. सांगतोय तो."

परतताना गाडीत मी विचारलं तेव्हा कळलं, तुळशीराम तायडे म्हणजे त्यांचे वडील. रेल्वेत चाकं वाजवण्याचं काम करायचे आणि सुट्टीत जलसा गायचे. भीमजयंतीला आसपासच्या गावांतून त्यांच्या पार्टीला बोलावणं असायचं. आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये नोएल अंकल नावाचे एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर, अमेरिकन गाण्यांच्या तबकड्या आणि एक गिटार होती. प्रमिलाताईंच्या आईच्या हातच्या वांग्याच्या भरितावर ते इतके खूश, की भरिताच्या बदल्यात त्यांनी पोरीला गिटार शिकवली. "एका कानाला बाबांचा डफ, दुसऱ्या कानाला नोएल अंकल," त्या म्हणाल्या. "मला लहानपणी वाटायचं की अमेरिका भुसावळच्या पुढचं स्टेशन आहे."

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. वाचणाऱ्याला मात्र आधी सांगते, म्हणजे पुढे माझी चूक केवढी होती ते कळेल.

त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर एका लग्नाला परगावी गेल्या होत्या. मांडवात लाउडस्पीकरवर कॅसेट लावलेली. गाणं सुरू झालं, ते बाबांचं. चाल बाबांची, शब्द बाबांचे. दोघं उभं राहून ऐकत होते. शेवटचं कडवं आलं आणि त्यात नाव दुसऱ्याच कोणाचं. पुढचं गाणंही तसंच. बाबा कॅसेट संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "चाल सांभाळली पोरांनी." बस, एवढंच. पण त्यानंतर त्यांनी खुंटीवरचा डफ कधी खाली काढला नाही. त्यांची एकही कॅसेट कधी निघाली नव्हती, त्यामुळे ती गाणी त्यांची हे सांगणारं त्या एका नावाशिवाय काहीच नव्हतं.

"लोकांनी त्यांची गाणी आपल्या नावाने म्हटली," प्रमिलाताई मला पुढे म्हणाल्या. "मी माझी गाणी त्यांच्या नावाने म्हणते. हिशेब नाही वं. बरं वाटतं."

एका सप्टेंबरमध्ये त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "वैशाली, तुझ्याकडे वही आहे. माझ्याकडे अकरा गाणी आहेत. बाबा ब्याऐंशीचे झाले, छाती भरून येते त्यांची. जानेवारीत मी तीन आठवडे जाते. तोपर्यंत सीडी करायची. त्यांना ऐकवायची. करशील?"

मी वही उघडली. अल्बमचं नाव त्यांनी तिथेच सांगितलं, 'इलेव्हन व्हील्स'.

रेकॉर्डिंगला कॉलिन मिळाला. फोक क्लबमधला, निवृत्त पोस्टमन, आणि एका खेड्यातल्या बंद पडलेल्या चॅपलमध्ये त्याने आपली यंत्रं मांडलेली. मी तीन शनिवार ठरवले, दर शनिवारी चार गाणी, शेवटच्या शनिवारी तीन. पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत एकही झालं नाही. कॉलिनने प्रमिलाताईंच्या कानाला हेडफोन लावले, समोर माइक ठेवला, काचेपलीकडून अंगठा दाखवला. त्या गायल्या. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाणं मेलेलं. सात वेळा तेच. आठव्या वेळी त्यांनी हेडफोन काढून खुर्चीवर ठेवले.

"समोर कोणी नाही. भिंतीला काय सांगू?"

"मी आहे की काचेमागे," कॉलिन म्हणाला.

"तू यंत्राकडे बघतोस. वैशाली, इथं बस."

मी दोन फुटांवर खुर्ची घेतली, वही मांडीवर.

"पेन खाली ठेव. लिहिणाऱ्या माणसाला गाणं सांगता येत नाही."

ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघून चाकं वाजवणाऱ्या माणसाचं गाणं सुरू केलं. पबमध्ये ऐकलेलंच. पण दोन फुटांवरून, थेट डोळ्यांत बघून, एखादी व्यक्ती सात मिनिटं फक्त तुम्हालाच काही सांगत असेल, तर काय होतं ते त्या दिवशी मला कळलं. वडील गेल्यावर मी रडले नव्हते, कामं फार होती. तिथे रडले. आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून. कॉलिनने काचेमागून मान हलवली. पहिलं गाणं झालं.

मग मी नेहमीचं केलं. वहीत मथळा घातला, 'खुर्ची', आणि खाली एक ते अकरा आकडे. प्रत्येक गाण्यासाठी एक माणूस. ज्याचं गाणं, शक्यतो तोच समोर. राउंडअबाउटवर फिरणारा नवरा आला. स्वतःचीच फजिती ऐकताना त्याला हसू आवरेना, आणि खुर्ची कुरकुरायला लागली. ती कुरकुर सीडीत आहे. एकोणीस वर्षांची एक मुलगी आली, तिच्या बाळंतपणाला प्रमिलाताईंशिवाय कोणी नव्हतं. ती आपलं चार महिन्यांचं बाळ घेऊन बसली. ते बाळ चौथ्या गाण्यात मधेच हुंकार देतं, आणि त्या हुंकाराला उत्तर दिल्यासारख्या प्रमिलाताई पुढची ओळ जरा हळू घेतात. कॉलिन म्हणाला, पस्तीस वर्षं तो हौसेने ही कामं करतोय पण असं पाहिलं नाही. परत एकदा घेऊ, असं पुढच्या दोन शनिवारी त्याला एकदाही म्हणावं लागलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला सगळं जोडून झालं आणि अडचण आली. सीडीवर ऐंशी मिनिटं मावतात. आमची अकरा गाणी त्याहून पाच मिनिटं जास्त भरली. कॉलिन म्हणाला, एक गाणं काढू, नाहीतर दोन सीडी. दोन सीडींना वेळ नव्हता. डिस्क त्याच दिवशी दुपारच्या कुरिअरने फॅक्टरीला गेली नाही तर जानेवारीपर्यंत प्रती मिळणार नव्हत्या. मी प्रमिलाताईंना फोन केला. त्या एका अडलेल्या बाळंतपणाला होत्या, फोन बंद. त्यांनी आधी म्हणून ठेवलंच होतं, "यादीतलं तू बघ, मला विचारू नको."

गाणं कुठलं काढायचं? प्रत्येकासाठी एक माणूस येऊन खुर्चीत बसून गेला होता. मी कागदावर आकडेमोड केली आणि मला उत्तर सापडलं. शेवटचं कडवं. प्रत्येक गाण्यात एक, साधारण अर्धा मिनिट. अकराही काढली की बरोबर बसतं, आणि गाणं एकही जात नाही. लहानपणी शाळेत प्रार्थनेला वेळ कमी असला की आमच्या बाई सांगायच्या, "शेवटचं कडवं सोडा, त्यात कवीचं नाव आहे फक्त." मला ते इतकं सरळ वाटलं, की कोणाला विचारावंसंही वाटलं नाही.

कॉलिन थांबला. "यू शुअर? ती ते कडवं फार मनापासून म्हणते."

"आमच्या भाषेतली पद्धत आहे ती," मी म्हणाले. "सही असते नुसती. सीडीच्या कव्हरवर प्रमिलाताईंचं नाव आहेच की."

तो इंग्लिश माणूस, त्याला शंका आली. मी मराठी, मला आली नाही. पुरतं माहीत असतं किंवा मुळीच माहीत नसतं, तर हातून असं झालं नसतं.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रमिलाताईंचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. मी सांगितलं, "सगळं बसवलं. थोडी काटछाट केली." त्या म्हणाल्या, "बरं केलं." पाचशे प्रती आल्या. त्यांनी त्यातल्या दहा घेतल्या आणि ऐकून न बघताच बॅगेत टाकल्या. मी गायलेलं मीच काय ऐकू, बाबांबरोबर ऐकीन, म्हणाल्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी इस्त्री करत होते. फोन दोनदा वाजून बंद झाला. ही आमची खूण. भारतातला फोन, आता मी करायचा. मी कॉलिंग कार्ड काढलं, खरवडून ठेवलेला नंबर दाबला. यंत्रातली बाई म्हणाली, तुमच्याकडे सव्वीस मिनिटं आहेत.

"प्रमिलाताई, ऐकलं का बाबांनी?"

"एक ऐकलं. मग बंद करायला लावलं."

"का? आवडलं नाही?"

"म्हणाले, प्रमिले, हे चाक फुटकं आहे."

माझ्या हातात इस्त्री होती. ती मी उभी करून ठेवली.

"त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, वैशाली. म्हणाले, चाल वर गेली ती खाली आलीच नाही. पुढचं कुठं आहे? मी दुसरं लावलं. तेही तसंच. शेवटची कडवी कुठं गेली?"

मी सांगितलं. ऐंशी मिनिटं, कुरिअर, एक गाणं काढण्यापेक्षा, सगळं क्रमाने. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. त्या अख्ख्या सीडीत त्या म्हाताऱ्या माणसाला कळणारा शब्द एकच होता. स्वतःचं नाव. अकरा वेळा ते येणार होतं. त्यासाठी ती सीडी होती. आणि मी ते मोजून अकरा वेळा काढलं होतं.

"अकराच्या अकरा?" त्यांनी विचारलं.

"हो."

मग त्यांनी मला ती लग्नातल्या कॅसेटची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, पाच-सहा वाक्यांत. संपल्यावर मी काहीतरी पुटपुटले, माफी वगैरे.

"ते राहू दे. फोन ठेवू नको. कापलंस तू, आता जोडताना ऐक."

त्यांनी रिसीव्हर कशावर तरी आडवा ठेवला. मागे एक म्हातारा, जड श्वासाचा आवाज म्हणाला, "कोण आहे?" प्रमिलाताई म्हणाल्या, "गाण्याची व्यवस्था बघणारी आहे, बाबा." तो आवाज रिसीव्हरजवळ आला आणि मला म्हणाला, "जयभीम, बाई." मी म्हणाले, "जयभीम, काका."

मग सीडी लागली, थेट गाण्याच्या शेवटाकडे सरकवलेली. पहिल्या गाण्याचं शेवटचं ध्रुवपद. गिटार थांबली. जिथे मी कापलं होतं, तिथे बरोबर त्याच सुरावर, श्वासाचंही अंतर न ठेवता, प्रमिलाताईंनी शेवटचं कडवं सुरू केलं. गिटार नाही, काही नाही. 'सेड तुळशीराम.' थांबल्या. दुसरं गाणं. पुन्हा शेवट, पुन्हा कडवं. यंत्रातली प्रमिलाताई जिथे सोडायची तिथून खरी प्रमिलाताई उचलायची, आणि सांधा मला एकदाही सापडला नाही. मी तो शोधत होते, कारण तो मीच केला होता. चौथ्या गाण्यापासून मागे ठोका ऐकू यायला लागला. वाटीवर चमचा असावा. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला एकच ठोका, चाकावर मारतात तसा, आणि मग शांतता. तपासून पुढे जायचं. सहावं. सातवं. इस्त्रीच्या टेबलावर माझ्या नवऱ्याचा शर्ट अर्धाच झालेला होता आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते.

अकराव्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात, नावाच्या आधीच्या शब्दावर, दुसरा आवाज मिसळला. फाटका, दमलेला, पण सुरावर पक्का. इंग्रजी शब्द त्यांनी नुसता कानाने उचललेला. प्रमिलाताई म्हणाल्या, 'सेड तुळशीराम'. आणि त्याच वेळी, त्याच चालीवर, त्यांचे बाबा म्हणाले, 'सेड प्रमिला'.

प्रमिलाताई थांबल्या.

"बसतं," बाबा म्हणाले. "शेवटचा 'ला' लांबवला की मात्रा भरतात. गाणी तुझी आहेत, पोरी. तुझं नाव घाल."

"नाही बाबा."

"मी ऐकलं ना माझं. अकरा वेळा ऐकलं. पोट भरलं."

"मी नाही घालणार."

"मग शेवटी घाल," बाबा म्हणाले. त्यांना खोकला आला, तो ओसरू दिला. "नाव शेवटीच घालायचं असतं."

यंत्रातली बाई मधे आली, तुमचं एक मिनिट उरलं आहे. कोणी फोन उचलला नाही. त्या मिनिटात मला फक्त वाटीचा एक ठोका ऐकू आला.

फेब्रुवारीत त्या परत आल्या तेव्हा माझ्याकडे उपायांची यादी तयार होती. एक, नव्याने छापायचं. दोन, राहिलेल्या कडव्यांची वेगळी छोटी सीडी. तीन, कडवी छापलेला कागद प्रत्येक सीडीत घालायचा. प्रमिलाताईंनी ती यादी पूर्ण वाचली. मग घडी करून मोजपट्टीच्या खिशात ठेवली.

"नको. आहे तसंच विकू. कडवं मी म्हणीन."

"प्रत्येक माणसाला?"

"घेणाऱ्याला. एक कडवं. त्याला हवं ते."

"प्रमिलाताई, चारशे नव्वद आहेत!"

"बाळंतपणं किती केली मी? हे अर्ध्या मिनिटाचं आहे."

आणि त्यांनी ते केलं. कोणी सीडी घेतली की त्या त्याच्या समोर उभ्या राहायच्या, कुठलं गाणं विचारायच्या आणि शेवटचं कडवं म्हणायच्या. पबच्या खोलीत, चर्चच्या सेलमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, खुर्चीत बसलेल्या बाकीच्या दहा जणांच्या घरी जाऊन. मी बाजूला वही घेऊन, एकेक खूण करत. एकदा एक माणूस सीडी घेऊन बससाठी धावला. प्रमिलाताई त्याच्यामागे बसमध्ये चढल्या, दांडा धरून त्याला त्याचं कडवं ऐकवलं आणि पुढच्या स्टॉपला उतरून चालत परत आल्या. मी म्हणाले, "एवढं काय अडलं होतं?" तर म्हणाल्या, "अर्धं गाणं घेऊन चालला होता बिचारा."

लोकांना वाटायचं, सीडी मुद्दामच अशी केली आहे. एका स्थानिक पेपरातल्या बाईने तर या कल्पनेचं फार कौतुक केलं. प्रमिलाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "कल्पना हिची." टोमणा होता का? मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. चेहरा अगदी सरळ होता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला बाबा गेले. प्रमिलाताई भुसावळला जाऊन आल्या आणि पुढच्या गुरुवारी क्लबात गायल्या. मी मुद्दाम गेले होते. बाबांचं म्हणणं मी फोनवर ऐकलं होतं, त्यामुळे शेवटच्या कडव्याचीच वाट बघत होते. 'सेड तुळशीराम.' नेहमीसारखंच. त्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

पाचशे प्रती संपायला अडीच वर्षं लागली. शेवटची एक मी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. गाडीच्या डिकीत, प्लास्टिकमध्ये, वहीत क्रमांक पाचशे आणि पुढे माझं नाव. मी आधी घेतली नव्हती. घ्यायला तोंड नव्हतं, असं म्हणा.

तोवर त्यांचं जायचं ठरलं होतं. स्कॉटलंडमधल्या एका बेटावर मिडवाइफ हवी होती. तिथे राउंडअबाउट एकही नाही, याचं त्यांना मोठं कौतुक. जायच्या आदल्या दिवशी बोटीतल्या प्रवासाचं सामान घ्यायला आम्ही दोघी सुपरमार्केटला गेलो. मी एक ट्रॉली ओढली, त्यांनी तिच्या चाकाला बुटाने टक्‌ केलं. "फुटकं आहे. दुसरी घे." दुसरी घेतली. माझ्याकडे यादी होती, त्यांच्याकडे नव्हती, आणि चहापत्ती मीच विसरले.

बाहेर कार पार्कमध्ये वारा सुटला होता. मी डिकीत पिशव्या रचत असताना एक बाई जवळ आली. हाताला चार-पाच वर्षांची मुलगी. "पॅम? तुम्ही पॅम ना? हिच्या वेळी तुम्ही होतात. शाळेसमोरचा फ्लॅट." इंग्लिश बायकांच्या तोंडी प्रमिलाची पॅम झालेली. प्रमिलाताईंनी मुलीकडे बघितलं आणि तिचं नाव, वजन आणि कुठल्या वारी झाली ते सांगितलं. बाई म्हणाली, तुमची सीडी निघाली होती असं ऐकलं, मला कुठेच मिळाली नाही.

प्रमिलाताई वळल्या. "वैशाली, तुझ्याकडे एक आहे ना?"

मी डिकीतून काढून दिली. काय करणार? त्या बाईने ती दोन्ही हातांत घेतली. कुठलं गाणं, प्रमिलाताईंनी विचारलं. बाईला गाणी माहीत नव्हती. मुलगी कव्हरवरच्या चाकाच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, हे.

मी ट्रॉली परत ठेवायला निघाले होते. अर्ध्या वाटेत मागून गाणं सुरू झालं म्हणून थांबले. प्रमिलाताई त्या मुलीसमोर डांबरावर उकिडव्या बसल्या होत्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. वाऱ्याने कार्डिगन फडफडत होतं. शेवटचं कडवं. गाडी सुटते, चाकं वाजवून झालेली असतात, आणि हातोडीवाला फलाटावर एकटा उभा राहून शेवटचा डबा जाईपर्यंत ऐकत असतो. नावाच्या आधीच्या शब्दावर त्यांनी एक बोट हळूच जमिनीवर आपटलं, एकदाच.

'सेड प्रमिला.'

मुलगी म्हणाली, "अगेन?"

"नाही," प्रमिलाताई उठत म्हणाल्या. "झालं आता." आणि माझ्याकडे बघून हाक मारली, "चल गं वैशाली, बघत काय राहिली? चहापत्ती राहिली आहे तुझ्या यादीतली."